दोरवाल्यांचा रस्ता

त्या साली पुरानं ओढ्यावरचा पूल नेला. सकाळी लोक बघायला गेले, तर अलीकडचा कठडा जागच्या जागी आणि पुढं नुसतं तांबडं पाणी. टेकडीपलीकडची वस्ती, वीटभट्टी, दवाखाना, सगळं पलीकडं राहिलं आणि गाव अलीकडं.

दुसरी वाट होती ती दोरवाल्यांच्या रानातून. वरच्या अंगाला ओढा खडकावर पसरून वाहतो, तिथं चाक बुडत नाही. पण त्या वाटेला तोवर कुणी रस्ता म्हटलं नव्हतं. ती दोरवाल्यांची कामाची जागा. सुताराला पडवी लागते, कुंभाराला अंगण लागतं, तसा दोरवाल्याला लांब, सपाट, सरळ पट्टा लागतो. पट्टा जेवढा लांब, दोर तेवढा लांब. आप्पांनी तरुणपणी बायकोला जोडीला घेऊन आपल्याच खडकाळ रानातून हा पट्टा काढला होता. पहारीनं दगड उकरले, टोपल्यांनी मुरूम ओतला, धुम्मसानं ठोकून ठोकून बसवला. दोन्ही बांधांना घायपात लावली. आता बायको नव्हती, पहार झिजून हातभर उरली होती, पण पट्टा अजून सुतात होता.

घरात चौघंच. आप्पा, त्यांचा थोरला मुलगा, थोरल्याची बायको आणि धाकटा. थोरल्याच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं. दुधवाला, मास्तर, पंचायतीचा कारकूनसुद्धा. ज्याची ती खरी वहिनी होती, त्याला मात्र तशी हाक मारता येत नव्हती. धाकटा जन्मापासून बहिरा आणि मुका.

मुका म्हणायचा, पण त्याच्याएवढं बडबडं त्या घरात कुणी नव्हतं. मिशीला पीळ दिला की आप्पा. मूठ गोल फिरवली की थोरला, कारण थोरला चाक फिरवायचा. आणि बोटांचा पंजा हवेत वरून खाली ओढला की वहिनी, कारण ती दिवसभर खिळ्यांच्या फळीवर वाख, म्हणजे घायपातीचे धागे, विंचरत बसायची. डबक्यात कुजवलेल्या घायपातीचा वास तिच्या हातांना कायमचा लागला होता. धाकटा तिच्याजवळून जाताना नाक दाबून डोळे फिरवायचा, आणि ती वाखाची बट फेकून मारायची.

दोर वळताना चालायचं काम धाकट्याचं. कमरेला वाखाचा भारा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि चाकाकडं तोंड करून पाठीमागं चालत जायचं. थोरला चाक फिरवी, पीळ भरत जाई आणि धाकट्याच्या बोटांतून पेड निघत जाई. पाठीला डोळे असल्यासारखा तो चालायचा. पेड कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. तीन पेड झाले की आप्पा उठत, तीन खाचांचा लाकडी भोवरा पेडांमध्ये धरत आणि चाकाकडं सरकवत नेत. भोवऱ्यामागं दोर आपोआप गुंफला जाई. असा दोर विहिरीवर घाला नाही तर बैलाला बांधा, मालक थकेल पण दोर थकायचा नाही.

पूल गेल्यावर पहिल्यांदा मास्तर आले. सायकल हातात धरून बांधावर उभे राहिले. "आप्पा, शाळा पलीकडं आहे. जाऊ का?"

"मास्तर, विचारताय काय? वाट काय झिजते?"

मग दुधवाला आला. मग एक दिवस बाळंतपणाला अडलेली बाई गाडीत घालून आणली. आप्पांनी हात वर केला, थोरल्यानं चाक थांबवलं, धाकट्यानं ताणलेला पेड जमिनीवर टेकवला आणि गाडी अलगद वरून गेली. पेड मातीत लोळून वाया गेला. आप्पा म्हणाले, "जाऊ दे. अडल्यानडल्याला वाट दिली नाही तर माणूस कसलं आपण."

थोड्या दिवसांनी वहिनी सकाळी डबक्यावर निघाली, तर वाटेच्या तोंडाशी पंचायतीची माणसं खड्डा घेत होती. बाजूला लोखंडी खांब पडला होता. खांबावर पाटी, पाटीवर भलामोठा बाण आणि खाली शब्द : पर्यायी रस्ता. वहिनी तशीच मागं फिरली आणि आप्पांना घेऊन आली.

"कुणाला विचारून खणताय?" आप्पांनी विचारलं.

मुकादमानं घाम पुसला. "पाटीच लावतोय हो आप्पा. रस्ता उचलून नेत नाही."

"पण रान माझं आहे."

"तुमचंच आहे. कोण नाही म्हणतंय? लोक चुकतात, म्हणून बाण दाखवायचा. पूल झाला की काढून नेऊ. तुम्हीच तर सगळ्यांना जाऊ देताय."

जाऊ तर आप्पा देत होतेच. त्यांनी खड्ड्याकडं पाहिलं. मग वहिनीला म्हणाले, "उन्हात राबतायत. पाणी आणून दे त्यांना."

पाणी पिऊन माणसांनी पाटी ठोकून बसवली.

पाटी लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तऱ्हाच बदलली. आधी लोक बांधावर थांबून हाक मारायचे. आता पाटीच सांगत होती, मग विचारायचं कुणाला? वीटभट्टीच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांच्या चाकांनी मुरूम उखडला, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पडल्या. ताणलेला पेड दर थोड्या वेळानं खाली टेकवावा लागे. दिवसभर राबून दोन दोर व्हायचे तिथं एक होऊ लागला, आणि त्याच्या पिळात खडे.

एका दुपारी वहिनी फळीवर वाख विंचरत होती. भट्टीची गाडी मागून आली. धाकटा पाठमोरा चालत होता, बोटांतून पेड सोडत. गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. परत वाजवला. थोरला चाकावरून ओरडत होता, "अरे थांब, त्याला ऐकू येत नाही!" पण भोंग्यापुढं त्याचं कोण ऐकतंय? वहिनी उठून धावली. ती पोचायच्या आत गाडीवाला खाली उतरला होता. त्यानं धाकट्याचा खांदा धरून त्याला फिरवलं आणि थोबाडीत दिली.

"कधीचा वाजवतोय! माजलायस का?"

धाकटा हबकून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. गालावर बोटं उठली होती. पण हातातला पेड त्यानं सोडला नव्हता. सोडला असता तर पीळ उलगडून सगळा भारा फुकट गेला असता.

"बहिरा आहे तो!" वहिनी धापा टाकत म्हणाली.

गाडीवाला वरमला. "मग त्याला रस्त्यात कशाला सोडता, वहिनी?" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

रस्त्यात. हा शब्द वहिनीच्या मनात कुसळासारखा रुतला.

त्या आठवड्यात ती पंचायतीत गेली. धुतलेल्या हातांचाही वास येत होता, म्हणून ते टेबलाखाली धरून बसली. कारकून भला माणूस होता. त्यानं पंखा तिच्याकडं वळवला.

"एक पाटी पाहिजे," ती म्हणाली. "सावकाश चालवा, इथं बहिरा माणूस काम करतो, अशी. आणि दोन-चार गतिरोधक."

"रास्त मागणी आहे. पण वहिनी, तो रस्ता तुमचा खाजगी. खाजगी रस्त्यावर पंचायतीला पाटी लावता येत नाही. गतिरोधक तर नाहीच नाही."

"मग बाणाची कशी लावली?"

कारकून हसला. "ती सोयीसाठी. तात्पुरती."

"मग आम्ही आमची लावतो."

"लावा की. तुमचंच रान."

थोरल्यानं जुन्या दाराची फळी रंगवली. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येण्यासारखं : सावकाश जा. माणसाला ऐकू येत नाही. खाली वहिनीनं सांगून कान काढायला लावला. तो कान पावासारखा दिसत होता. धाकटा तो बघून पोट धरधरून हसला, मग स्वतःच्या कानाला हात लावून पावाचा तुकडा मोडल्यासारखं करून त्यानं खाऊन दाखवला. कितीतरी दिवसांनी घर हसलं.

फळी चार दिवस टिकली. मुकादम येऊन काढून घेऊन गेला. बाणाच्या पाटीशेजारी दुसरी पाटी चालत नाही म्हणे; वाहनवाल्यांचा गोंधळ होतो. जिथं पंचायतीची पाटी, तिथं पाटी लावायचा हक्क पंचायतीचाच.

"म्हणजे तुम्ही लावणार नाही, आणि आम्हाला लावू देणार नाही?" वहिनीनं विचारलं.

"मी काय करू? मला सांगितलं, मी काढली," मुकादम म्हणाला. त्यानं फळी मात्र जपून नेली, कान आतल्या बाजूला करून.

आणि मग ते झालं. विटा उतरवून रिकामी गाडी परत येत होती. थोरल्यानं हात केला, धाकट्यानं बघितलं, पेड खाली टेकवला. गाडी वरून गेली. पण तिच्या मागच्या फाळक्याची साखळी सुटून लोंबत होती, तिच्या कडीत पेड अडकला. वाखाचा भारा धाकट्याच्या कमरेला होता. पेड ताणला, भाऱ्याला हिसका बसला आणि धाकटा तोंडावर पडून गाडीमागं फरफटत चालला. त्याला ओरडता येत नव्हतं. घशातून कसलासा आवाज निघाला तो गाडीच्या खडखडाटात बुडाला. तो दोन्ही हातांनी पेड धरून कमरेचा ताण हलका करू बघत होता, आणि पेड त्याच्या तळव्यांतून करवतीसारखा सरकत होता. थोरला चाक टाकून पळाला. वहिनी पळाली. आप्पाही हाका मारत निघाले.

पेड तुटला म्हणून तो वाचला. आपणच वळलेला पेड, एरवी तुटला तर त्या घराला कमीपणा वाटला असता.

दवाखान्यात खांदा बसवला. तळव्यांची सालं निघाली होती. वहिनी त्याला घास भरवायची. तो हातांनी काही सांगू बघायचा आणि पट्ट्या बांधलेले हात बघून थांबायचा. घर एकदम गप्प झालं.

"उद्या तोंडाला आडवा ओंडका टाकतो," आप्पा म्हणाले. "रान माझं. वाट माझी. बघू कोण येतंय."

"आणि दवाखान्याला कुणी निघालं तर?" वहिनी म्हणाली.

"माझ्या पोराला फरफटवलं त्यांनी!"

"तेच म्हणतेय मी. ओंडका लोक उचलून फेकतील आणि राग काढतील तो भाऊजींवर. दिवसभर तेच पाठमोरे असतात, आप्पा. त्यांना हाक मारून सावध कुणी करायचं?"

थोरला जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"कारकून म्हणतो, रस्ता पंचायतीला लिहून दिला तर सगळं होईल," वहिनी पुढं म्हणाली. "पाटी, गतिरोधक, गाड्यांना शिस्त. जाणारे जातातच आहेत. नाव आपलं असून काय उपयोग झाला? माणूस राहिला तर रस्ता."

आप्पा उठून दारात गेले, वाटेकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या सासूच्या पाठीला गळू झालं होतं टोपल्या वाहून. सांगायची नाही ती. रक्त लागलेला कपडा दिसला तेव्हा मला कळलं." त्यांनी डोळे पुसले. "पण तू म्हणतेस ते खोटं नाही, पोरी. चल."

आप्पांनी पंचायतीत अंगठा उठवला. कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. शाईचा अंगठा आप्पांनी भिंतीला पुसला नाही, डोक्याच्या केसांना पुसला नाही; तसाच मुठीत दाबून घरी आणला.

पंचायतीनं शब्द पाळला नाही, असं कुणी म्हणायला नको. पाटी आली. सुबक, पिवळी, वर माणसाचं चित्र, खाली ठळक 'सावकाश'. गतिरोधक झाले. भट्टीच्या गाड्या त्यावर आदळून हळू होऊ लागल्या. वहिनी येताजाता पाटीकडं बघायची. एकदा कुणी नाही असं बघून तिनं ओल्या फडक्यानं तिच्यावरची धूळही पुसली. धाकट्याच्या तळव्यांवर नवी कातडी धरत होती. एकदा का तो कामाला उभा राहिला की झालं, असं ती मनाशी म्हणायची.

मग मुकादम आणखी एक पाटी घेऊन आला. या खेपेला त्याला पाणी विचारायचंही वहिनीला सुचलं नाही. ती वाचत उभी राहिली. सार्वजनिक रस्ता. रस्त्यावर धंदा करण्यास, वस्तू पसरण्यास, दोर अगर तार ताणण्यास मनाई आहे.

ती तशीच अनवाणी पंचायतीत गेली.

"दोर ताणायला मनाई? मग आम्ही काय ताणायचं?"

कारकुनानं मान खाली घातली. "वहिनी, आता तो गावाचा रस्ता. गावाच्या रस्त्यात दोर ताणलेला कसा चालेल? उद्या एखादा अडकून पडला म्हणजे? अपघात होऊ नये म्हणूनच तर तुम्ही आला होता ना माझ्याकडं?"

"माझ्या माणसानं सुखरूप काम करावं म्हणून आले होते."

"काम कुठंही करा. रस्ता सोडून."

"ते तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही," कारकून म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं. पंखा त्यानं आजही तिच्याकडंच वळवला होता.

घरी आल्यावर तिनं थोरल्याला सांगितलं, थोरल्यानं आप्पांना. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते उठले, आकड्यांचं चाक मातीतून उपटायला लागले. थोरल्यानं ते त्यांच्या हातून घेतलं आणि घरामागं नेऊन रोवलं. घरामागं जागा ती केवढी! धाकटा पाठीमागं चालायला लागला की भिंत पाठीला लागायची. तिथं वासराला बांधायचं दावं होईल, विहिरीचा दोर होणार नाही.

पण धाकट्याला हे सांगायचं कुणी? त्याला वाचता येत नव्हतं. पट्ट्या सुटल्या त्या सकाळी तो लवकर उठला, कमरेला वाख गुंडाळून वाटेवर जाऊन उभा राहिला आणि चाकाची जागा रिकामी बघून हात उडवून विचारू लागला : काय झालं? कुठं गेलं?

वहिनीनं पाटीकडं बोट दाखवलं. दोर ताणल्याची खूण केली आणि हात हलवला : नाही. त्यानं मान तिरकी केली. तिनं परत केलं. जमिनीकडं बोट, मग आप्पांची मिशी, मग हात : आप्पांची नाही. तो हसला. हे असं कसं असेल? वहिनी चेष्टा करतेय. तिनं पुन्हा सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी बघून मात्र त्याचं हसू गेलं. तो विचारात पडला आणि मग त्याला काहीतरी उमगल्यासारखं वाटलं. त्यानं दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. गुलाबी, चकचकीत, नव्या कातडीचे. मुठी मिटल्या, उघडल्या. वाखाची बट ओढून ताणून दाखवली : बघ, बरे झालेत. मला जमतंय. खरंच जमतंय.

वहिनीनं त्याचे तळवे आपल्या हातांत धरले आणि तिथंच खाली बसली. रागावून तो वाख सोडवायला लागला. त्याच्या लेखी ते तिनंच बंद केलं होतं. आणि ते खोटं होतं, असं तरी तिला कुठं म्हणता येत होतं?

थोरला पोटासाठी वीटभट्टीवर जाऊ लागला. पुढं धाकट्यालाही घेऊन गेला. विटा उचलायच्या, रचायच्या, त्याच गाड्यांत भरायच्या. संध्याकाळी दोघं लाल धूळ माखून यायचे. धाकटा हातपाय धुवायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. त्याची बडबड बंद झाली. आधी वहिनीला वाटलं, हात दुखत असतील. पण हात बरे होते. त्यानं आप्पांची मिशी करणं सोडलं, तिची खूण करणंही सोडलं. पाणी पाहिजे असलं तर उठून स्वतः घ्यायचा. गाव त्याला लहानपणापासून मुका म्हणत आलं होतं. तो मुका झाला मात्र आत्ता.

उन्हाळ्यात पूल झाला, पहिल्यापेक्षा रुंद. गाड्या पुलावरून जाऊ लागल्या. दोरवाल्यांच्या रानातली वाट ओस पडली. दिवसदिवस चाक फिरकत नसे. गतिरोधकांच्या कडेला गवत उगवलं. वहिनी परत पंचायतीत गेली, शेवटचीच.

"बाणाची पाटी पूल झाला की काढणार होता. आता रस्ता परत द्या. लागत नाही ना तुम्हाला?"

"बाण काढून घेतो उद्याच," कारकून म्हणाला. "पण रस्ता, वहिनी, एकदा गावाच्या नावावर चढला की उतरवायची सोय नाही. माझ्या हातात असती तर मी केली असती."

बाण काढला. मनाईची आणि 'सावकाश'ची, दोन्ही पाट्या राहिल्या.

आप्पांनी त्या वाटेवर पाय टाकणं सोडलं होतं. कुठं जायचं झालं तर काट्याकुट्यांतून, रानातून वळसा घालून जायचे. वहिनी रोज दुपारी भट्टीवर डबे घेऊन जायची ती वाटेनंच. जाताना मान खाली घालून जायची. सासऱ्याशी ती जेवणखाणापुरतं बोलायची. आप्पाही तेवढंच. एकाच छपराखाली दोघं एकमेकांना चुकवत होती.

एक दिवस ती डबे घेऊन निघाली, तर आप्पा काठी टेकत मागून आले.

"थांब. मीही येतो. पोरांना बघून बरेच दिवस झाले."

ती नेहमीच्या सवयीनं वाटेकडं वळली आणि थबकली. "रानातून जाऊ या, आप्पा?"

"काटे बोचतात आता. चल, रस्त्यानंच जाऊ. सगळ्या गावाचा आहे म्हणतात. म्हणजे आपलाही थोडा असेलच की."

ते हसले. तिला हसता आलं नाही. दोघं चालू लागली. आप्पा मधूनच काठीनं एखादा वर आलेला दगड बाजूला सारत होते, जुन्या सवयीनं. अर्ध्या वाटेत मागून गाडीचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी इकडून चाललं होतं. वहिनीनं आप्पांचा दंड धरून त्यांना कडेला घेतलं. गाडी पाटीजवळ हळू झाली, अगदी चालत्या बैलाएवढी हळू, आणि त्यांच्या शेजारून धूळ न उडवता गेली. गाडीवाल्यानं हात केला. आप्पांनीही केला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

"वाचली बघ त्यानं," ते म्हणाले. "चांगली पाटी आहे, पोरी. तू लावलीस ती चांगली आहे."

इतके महिने वहिनीनं धरून ठेवलेलं सगळं बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून लहान पोरीसारखी रडली. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून शेजारी उभे राहिले. पाठीवर हात फिरवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तिचं रडणं ओसरल्यावर त्यांनी एक डबा तिच्या हातून घेतला.

"चल," ते म्हणाले. "धाकट्याचं जेवण गार होईल."